झिंजमधून हरवलेली आजी

ती मे महिन्यातली सकाळ मी अजून विसरलेलो नाही. विसरू नये असंच वाटतं, कारण त्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली आणि त्या फजितीचा मला आजही आनंद आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी बहरीनच्या पोलीस दलात करारावर होतो. मुंबईत काही वर्षं फौजदारकी केलेली, कामापुरतं अरबी शिकलेलो. त्यामुळे हिंदुस्थानी माणसाचा जबाब घ्यायचा असला की ठाण्यात मलाच हाक यायची. त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास एक इंग्रज इंजिनिअर धापा टाकत आला. झिंज या वस्तीतल्या त्याच्या बंगल्यातून त्याची आई नाहीशी झाली होती. वय पंचाहत्तर, हृदयाचा त्रास, दुपारची गोळी घरीच राहिलेली. तीन आठवड्यांपूर्वीच ती इंग्लंडमधल्या आपल्या खेड्यातून मुलाकडे राहायला आली होती. बाहेर ऊन तर असं की मोटारीच्या दाराला हात लावला तरी चटका बसावा.

"इथे त्यांच्या ओळखीचं कोण आहे?" मी विचारलं.

"कोणीच नाही. आमच्या माळ्याशी तेवढी खुणांनी बोलते. तोही तीन दिवस आलेला नाही. जिदहफ्स गावात कुठेतरी राहतो."

नोकर गैरहजर आहे म्हटलं की पोलिसाचं मन लगेच तिकडे धावतं. माझंही धावलं. दोन शिपाई जिदहफ्सच्या गल्ल्यांत पाठवले, पण नुसत्या नावावर तिथे माणूस सापडणं कठीण होतं.

तेवढ्यात खबर मिळाली. बंगल्याजवळच्या कोल्ड स्टोअरवाल्याने, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने, आठ वाजता आजींना एका निळ्या पिकअपमध्ये बसताना पाहिलं होतं. चालवणारा हिंदुस्थानी होता आणि गाडीच्या दारावर एका कंत्राटदाराचं नाव होतं. साडेअकराला तो ड्रायव्हर माझ्यासमोर बाकावर होता. कुडाळकडचा, चाळिशीचा, काटकुळा माणूस.

"सायबानू, माका काय म्हायत नाय."

गाडीची झडती घेतली. सीटखाली घरी केलेल्या जॅमची बाटली निघाली, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. इंजिनिअरने ती चिठ्ठी निरखून पाहिली. "हे आईचंच अक्षर आहे."

आता पुरावाच हातात आला म्हटल्यावर माझा आवाज चढला. कुठे नेलंस, कुठे सोडलंस, बरोबर कोण होतं, एकामागून एक विचारत गेलो. तो मान खाली घालून गप्प. शेवटी मी ठेवणीतलं हत्यार काढलं. "बोलला नाहीस तर तुझा व्हिसा आजच खलास!" त्याने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड अधिकच घट्ट मिटलं. वर्षानुवर्षं आरोपी पाहिलेल्या मला त्या घड्याळाकडे पाहण्याचा अर्थ कळायला हवा होता. मला वाटलं, हा साथीदाराची वाट पाहतोय.

एक वाजला. इंजिनिअर खोलीभर येरझारा घालत होता. त्याला बोलतं ठेवावं म्हणून मी आईच्या गावाबद्दल विचारलं. तीसेक घरं, एक चर्च, एक तळं, आणि एकच दुकान, तेच पोस्ट ऑफिस. पोस्ट सांभाळणारी बाई आईची मैत्रीण होती. आई सकाळी तिथे काय करते, असं विचारल्यावर त्याला सांगता येईना. बारा वर्षं तो घराबाहेर होता. मी म्हटलं, मग त्या बाईंनाच विचारू. ठाणे अंमलदार हसले, पण ट्रंक कॉल लावून दिला.

लाइन लागली. फोन माझ्या हातात होता. मी अडचण सांगितली, तर पलीकडची बाई जराही घाबरली नाही.

"तिकडे कोणी आजारी आहे का?" तिने विचारलं. "असेल तर ती तिथेच असणार. इथे सकाळी नऊपर्यंत कोणाच्या खिडकीचा पडदा उघडला नाही, तर ही जॅमची बाटली घेऊन दार ठोठावते. लांब जायचं असलं तर दूधवाल्याच्या गाडीत चढून बसते. विचारत नाही, चढते."

फोन ठेवला आणि मी ड्रायव्हरजवळ बाकावरच बसलो. आवाज खाली आणून विचारलं, "बाबा रे, आजारी कोण आहे?"

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग सगळं बाहेर पडलं. माळी त्याचा गाववाला. त्याला कावीळ झाली होती. इंजिनिअरच्या कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर मायदेशी पाठवतील या भीतीने तो खोलीत पडून होता. ड्रायव्हर बंगल्यावर 'कंबर धरली आहे' एवढाच निरोप द्यायला गेला, तोवर इंजिनिअर कामावर गेला होता. आजींनी त्याचं कंबरेला हात लावून दाखवणं पाहिलं, आत जाऊन दोन बाटल्या आणल्या, एक त्याच्या हातात दिली, दुसरी मांडीवर घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"म्हातारी बरी आसा सायबानू. बाराक माका तिका परत न्हेवचा होता," तो डोळे पुसत म्हणाला, "पण तुमी माका हय बसवन ठेवलास."

म्हणजे आजींना घरी आणणारा माणूस मीच अडवून ठेवला होता! मी त्याला आणि इंजिनिअरला घेऊन जीपकडे अक्षरशः पळत गेलो.

जिदहफ्समधल्या त्या खोलीत पंखा होता, माठ होता, आणि पत्र्याच्या ट्रंकेवर आजी ताठ बसल्या होत्या. बाजूला कोकणातली चार माणसं अंग चोरून उभी. आजी माळ्याला चमच्याने पेज भरवत होत्या. त्यांनाही त्यातली वाटीभर मिळाली होती. मुलाने त्यांना मिठी मारली, वाटेत बंगल्यावरून घेतलेली गोळी दिली, तेव्हा त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "याला आजच डॉक्टर पाहिजे. तीन आठवडे झाले, या शहरात माझं दार कोणी ठोठावलं नाही. म्हटलं, मीच कोणाचं तरी ठोठावते."

मला इतकं हायसं वाटलं की हसू आवरेना. इंजिनिअर चांगला माणूस निघाला. त्याने माळ्याला स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेलं, बरा होईपर्यंत रजा लिहून दिली आणि व्हिसाला धक्का लागू दिला नाही. ड्रायव्हरच्या कंत्राटदाराला मी स्वतः फोन करून सांगितलं की हा माणूस सकाळपासून पोलिसांच्या मदतीला होता. हे खोटं होतं, असं मला आजही वाटत नाही.

निघताना मी ड्रायव्हरला म्हटलं, "माझं चुकलं. पण आधीच सांगितलं असतंस तर?"

"आदीच ह्या असा इचारलास असता," तो म्हणाला, "तर नाय सांगलंय असतंय?"

पुढे निवृत्त होईपर्यंत हे वाक्य मी विसरलो नाही. गप्प बसणारा प्रत्येक जण स्वतःचं काही लपवत नसतो. कधी तो दुसऱ्याला पाठीशी घालत असतो, आणि धाक दाखवला की असा माणूस आणखीच मिटतो. हरवलेल्या माणसाचा शोध घेताना तो आपल्या गावी कसा राहतो, हे मी पहिल्या तासातच विचारू लागलो. नोकरीत पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, शाबासक्याही मिळाल्या. पण घडलाच नव्हता अशा या गुन्ह्याच्या फाइलवर 'बंद' लिहिताना जितकं हलकं वाटलं, तितकं पुन्हा कधी वाटलं नाही.