रांगोळीतलं मशीन

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पैठणच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होते. त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं... पण आठवते ती एक संक्रांत, आणि मी अजूनही खुर्चीत पुढे सरकून बसते.

माझी ही थोरली बहीण शेंद्र्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात कामगारांना शिकवायची. तिथे डबे आणि झाकणं बनत. मशीन पुरुष चालवत; बायांनी झाकणांच्या कडा साफ करायच्या आणि खोकी भरायची. आक्काला बायांना मशीनवर आणायचं होतं. साचा बदलण्यात पुरुषांचा अर्धा दिवस जाई, त्यातला बराचसा पाना शोधण्यात आणि एकमेकांना धडकण्यात, असं ती म्हणे. शेवटी शेठ कंटाळले. एका सकाळी बायांनीच साचा बदलून दाखवावा, म्हणाले. जेवणाच्या भोंग्याला चांगली झाकणं पडत असली तर ते मशीन बायांचं. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

चालू मशीन सरावाला कोण देणार? म्हणून आक्कानं करमाडच्या घरी हळदीकुंकू ठेवलं. अंगणभर रांगोळीनं मशीन काढलं, साच्याच्या जागी पाटा ठेवला आणि वाण म्हणून प्रत्येकीला एकेक पाना दिला. पदर खोचून बाया त्या रांगोळीभोवती फिरू लागल्या. कुणी कुठं उभं राहायचं, कुणाच्या हातात काय, कोण कुणाला वाट देणार... मी तिळगूळ वाटत मध्ये शिरले, तर त्यांच्यातली कांता म्हणाली, "धाकल्या ताई, रेघेवर पाय देऊ नका. भाजंल."

शेठनी ठरवलेल्या सकाळी आक्कानं मलाही कारखान्यात नेलं. कुणी ओरडत नव्हतं. एकीचा हात निघाला की दुसरीचा पोचे. जुना साचा उतरला, नवा चढला, बोल्ट आवळले गेले आणि भोंग्याला चांगला वेळ असताना पहिलं झाकण पडलं. सरळ, गोल. शेठही हसले. पुढची झाकणं मात्र वाकू लागली, तळलेल्या पापडासारखी. शेठ घड्याळ बघू लागले. आक्कानं हात पाठीमागे धरले होते. तिनं काही सांगायचं नाही, असंच ठरलं होतं.

मशीन थांबवून कांता साच्याकडे बघत राहिली आणि एकदम तिनं कपाळावर हात मारला. "ताई, आपल्या रांगोळीत पाणीच नव्हतं की ओ."

साचा थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या आक्का रांगोळीत काढायलाच विसरली होती, आणि बायांनी अगदी रांगोळीबरहुकूम काम केलं होतं. आक्का इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. बाया मात्र केव्हाच नळ्यांकडे धावल्या होत्या. पाणी फिरलं, साचा निवला, झाकणं पुन्हा सरळ पडू लागली. ती पडत असतानाच भोंगा झाला.

त्यातलं एक वाकडं झाकण आक्कानं घरी आणून चहाच्या डब्यावर ठेवलं. ते कधीच नीट बसलं नाही, चहाचा वास उडून जाई, पण तिनं ते बदलू दिलं नाही.

परवा ते घेऊन मी कारखान्यात गेले. बायांनी हातोहात फिरवलं, हसल्या, डोळे पुसले आणि माझ्याच पिशवीत परत ठेवलं. आक्काच्या खोलीत आता कांता शिकवते. फरशीवर एक नवी मुलगी रांगोळीनं मशीन काढत होती. शेवटची रेघ ओढून ती उठायला लागली, तशी कांतानं निळ्या रांगोळीची वाटी तिच्यापुढं सरकवली.

"ताई विसरली व्हती," ती म्हणाली. "तू नको विसरू."