एका बजेटात दोन पाडवे

आमचं बियाण्याचं फार्म सेलूजवळ, मुख्य ऑफिस नागपुरात. तिथल्या साहेबांनी बजेटचं क्लाउड सॉफ्टवेअर घेतलं आणि ते आमच्या खतावणीला जोडायचं फर्मान काढलं. म्हणजे इथे खर्चाची नोंद झाली की ती तिथल्या बजेटातून आपोआप वजा होणार, आणि रक्कम संपली की पेमेंटला कुलूप. मी फार्मचा मॅनेजर. मला पिकातलं कळतं, हे म्हणजे डोक्याला ताप. जोडणी केली ती आमच्या अकाउंटंट मॅडमनी. अल्लीपूरच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण त्या रागावल्या की मी मुकाट्यानं शेतात फेरी मारायला निघतो.

मार्च संपत आला आणि कुलूप लागलं, ते नेमकं सालगड्याच्या पैशाला. आमच्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. त्या दिवशी उचल, म्हणजे वर्षाचे पैसे आगाऊ, हातात पडली तर गडी राहतो, नाही तर दुसऱ्याच्या शेतावर जातो. आमचा गडी गेला असता तर माझा निम्मा हंगाम बसला असता. पण मागचा पाडवा आला होता एप्रिलात, यंदाचा मार्चअखेर. हिशेबाचं वर्ष एक, त्यात पाडवे दोन. सॉफ्टवेअरला वाटलं, आम्ही एकाच माणसाला दोनदा वर्षाचे पैसे देतोय. घोळ कॅलेंडरचा आणि शिक्षा गड्याला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मी म्हटलं, "मॅडम, पैसे पाडव्याले देऊ, नोंद एक एप्रिलची टाका. भानगडच नको." नागपूरच्या साहेबांनीही फोनवर तेच सुचवलं.

"सही तो गडी पाडव्याले करन, अन् कागदावर तारीख एप्रिलची," मॅडम म्हणाल्या. "उद्या कोनी विचारलं तं खोटा कोन ठरन, सर? तोच ना?"

मी एप्रिलचा विषय तिथंच सोडला.

मग त्यांनी खतावणीत सालगड्याच्या आगाऊ रकमेचं वेगळं खातं उघडलं आणि ते बजेटच्या पुढच्या वर्षाला जोडलं. पैसे आज जातील, पण खर्च पुढच्या वर्षात दरमहा थोडा थोडा पडेल. इतकं सरळ! मला फार कौतुक वाटलं आणि ते मी तोंडावर सांगितलं. "आधी चाचणी होऊ द्या," त्या म्हणाल्या.

चाचणी पार पडली, तर नागपूरहून नवा प्रश्न. गडी आगाऊ घेऊन अर्ध्या सालात निघून गेला, तर भरपाईला जबाबदार कोण? मंजुरीच्या पानावर कोणाचं तरी नाव टाकल्याशिवाय कुलूप उघडणार नव्हतं. साहेबांना दोन शब्द सुनावायला मी फोन उचलला, तोवर मॅडमनी स्वतःचं नाव टाइप करून बटण दाबलंही होतं.

पाडव्याच्या सकाळी गडी बायकोला घेऊन आला. पैसे मोजून घेतले, सही केली, खाली त्याच दिवसाची तारीख टाकली. "कारंज्याहून कामाचा निरोप आलता साहेब," तो म्हणाला, "पन म्या हो नाई म्हनलं."

तो गेल्यावर मी मॅडमना विचारलं, "तुमचं नाव काऊन टाकलं? मानसाचा काय भरवसा?"

त्या पावती नीट लावत होत्या. "माहे बाबा जन्मभर सालगडी होते, सर," त्या म्हणाल्या. "एकही साल अर्धं टाकून घरी नाई आले."