लॉकमधलं कुंकू

गेल्या महिन्यात आमच्या शूटिंग क्लबात लॉक नसलेली नवी रिव्हॉल्व्हरं आली आणि मेंबर लोकांनी पेढे वाटले. खरोखरचे पेढे, एकाने दुबईला अल मनखूलच्या दुकानातून मुद्दाम आणलेले. घरी पोरगा झाला तरी माणसं एवढी खूश होत नसतील.

आखातातल्या या क्लबात मी आर्मरर आहे. मेंबरांची हत्यारं साफ करायची, दुरुस्त करायची, संध्याकाळी मोजून कपाटात ठेवायची, हे माझं काम. इतकी वर्षं इथल्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगाला एक बारीक भोक असायचं. सुटकेसच्या किल्लीएवढी किल्ली त्यात घालून फिरवली की घोडा जागच्या जागी अडकायचा. रेंज बंद झाली की सगळी लॉक करायची आणि सकाळी उघडायची, असा क्लबचा नियम.

त्या भोकावर मेंबरांचा भारी राग. चहाला बसले की हाच विषय. कंपनीने वकिलांना घाबरून बसवलेलं खूळ, असं एक जण म्हणायचा. इतक्या देखण्या हत्याराच्या गालावर भोक पाडलंय, म्हणून दुसऱ्याचा जीव तुटायचा. गोळीच्या धक्क्याने लॉक आपोआप लागतं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. तसं कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाचं झालं होतं म्हणे. त्या माणसाला कुणी कधी भेटलेलं नव्हतं. कपाट क्लबचं, किल्ली माझ्या खिशात, तरी बोलायचे असे तावातावाने की जणू हत्यार यांच्या उशाखालीच असतं. लहान मुलं असलेला एक डॉक्टर एकदा हळूच म्हणाला होता, लॉक असलेलं बरं. त्याची सगळ्यांनी अशी काही टर उडवली की तो या विषयावर पुन्हा बोलला नाही.

आणि शेवटी पुरावा म्हणून आमच्याच क्लबातली गोष्ट निघते. सामन्याच्या दिवशी लॉक अडकलं होतं, ती. मी तिथेच हत्यारं पुसत उभा असतो आणि ऐकतो.

तेव्हा आर्मरीत, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, आम्ही दोघे होतो. दुसरा रत्नागिरीकडचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पाच वेळचा नमाजी आणि कामात माझ्यापेक्षा सरस. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला दादा. मुसफ्फाच्या कामगार वस्तीत कंपनीच्या एकाच खोलीत आम्ही चार वर्षं काढली. रमजानमध्ये तो इफ्तारीतलं माझ्यासाठी झाकून ठेवायचा, आणि मी ते हक्काने खायचो.

खंडेनवमीला मी हत्यारांची पूजा करायचो. माझे वडील पुण्याला कारखान्यात लेथवर होते. त्या दिवशी ते लेथला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालायचे आणि मग दिवसभर तिला हात लावायचे नाहीत. हे माझ्या अंगात मुरलेलं. इथे क्लबात विचारायची माझी हिंमत नव्हती. जेवणाच्या सुटीत दार लोटून घ्यायचं, ओल्या कुंकवाचा टिळा एकेका हत्याराला लावायचा, हात जोडायचे आणि लगेच पुसून टाकायचं. भाईला हे माहीत होतं. तो तेवढा वेळ बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी सामना होता. तयारीसाठी रेंज बंद, त्यामुळे सगळी रिव्हॉल्व्हरं लॉक केलेली. माझे टिळे लावून झाले आणि दाराबाहेर मॅनेजरचा आवाज आला. मी भराभर फडकं फिरवलं. एका रिव्हॉल्व्हरच्या भोकात कुंकू राहिलं आणि वाळून घट्ट झालं.

सकाळची पाळी भाईची. ते रिव्हॉल्व्हर नेमकं क्लबातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मेंबरचं. किल्ली अर्ध्याच्या पुढे आत जाईना, मागे तो मेंबर ‘यल्ला, यल्ला’ करत घाई लावून उभा. भाईने जोर लावला आणि किल्ली आत तुटली. मेंबरला दुसऱ्याचं हत्यार चालेना. तो सामन्याबाहेर बसला आणि दिवसभर येईल त्याला सांगत सुटला, "मैंने बोला था ना, ये लॉक एक दिन धोखा देगा!"

लॉकला कामावरून काढता येत नाही. भाईला काढता आलं. तीन दिवस चौकशी चालली, आणि तो एकच सांगत राहिला, किल्ली जोरात फिरवली, माझी चूक. मी मूग गिळून बसलो. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं काय झालंय ते. पण बायको-मुलगी महिन्याभरात येणार होत्या, खलिफा सिटीत घर बघून ठेवलं होतं, मुलीच्या शाळेत शब्द टाकला होता. इतकी कारणं होती माझ्यापाशी की मला स्वतःची दयाच येत होती.

तो निघाला त्या सकाळी मी बॅग भरायला मदत करत होतो. त्याने खिशातून घडी घातलेलं फडकं काढून माझ्या हातात दिलं. त्यावर लाल डाग होता.

"तुटलेला तुकडा मीच काढला, दादा. मागून हे निघालं. कुणी बघायच्या आत पुसून घेतलं."

मी फडक्याची घडी उलगडली, परत घातली.

"मी तुमचं नाव घेतलं नाही. ते तुम्ही घ्याल असं वाटलं होतं. तीन दिवस मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून दरवाजाकडे बघत होतो, आता दादा येतील म्हणून."

"भाई, अरे, फॅमिलीचा व्हिसा..."

"फॅमिली मला पण आहे." त्याने बॅगची चेन ओढली. "चला, खलास."

कंपनीच्या गाडीपर्यंत बॅग मी उचलू का म्हणालो. तो नको म्हणाला. त्यानंतर मी खंडेनवमी केलेली नाही, आणि त्याला फोनही केलेला नाही.

गेल्या महिन्यात पेढे वाटताना खोका माझ्यापुढे धरून तोच मेंबर सगळ्यांदेखत म्हणाला, "इनसे पूछो, ये तो थे उस दिन. लॉक ने ही धोखा दिया था ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तो डॉक्टरही.

"जी सर," मी म्हणालो, "लॉक ने ही." आणि पेढा उचलला.