पियाचं पानी

"वास घे गो बाय," म्हणत काका जेवणाचा डबा थेट माझ्या नाकाखाली धरायचे. त्यांना स्वतःला वास म्हणून येत नसे. उभा जन्म भिवंडीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरण्यात गेला होता, ॲसिडच्या वाफांनी नाक कधीच निकामी केलं होतं. मी कालवण हुंगून "चांगलं आहे" म्हटलं, की मगच घास तोंडात जायचा. कधी मी मुद्दाम नाक मुरडायची. तेव्हा हसून म्हणायचे, "ढोंगी हायस. तुला माझा बोंबील पायजे."

अंजूरच्या आमच्या गोदामात सोडियमच्या बॅटऱ्या तयार होतात. त्यांच्या सेलमध्ये पाण्यासारखा दिसणारा जो द्रव भरतात, त्याला साहेब इलेक्ट्रोलाइट म्हणतात. काकांनी कामावर आल्या आल्या त्याचं नाव पाणी करून टाकलं. "जलमभर बॅटरीन पानीच टाकला. आता ह्यो नवा नाव कोन घेतंय?" बघता बघता यूपीची माणसंही पानीच म्हणू लागली. साहेब कानीकपाळी ओरडायचे, पाणी हा याचा वैरी आहे, नुसती ओल लागली तरी हाडापर्यंत जाळणारं ॲसिड होतं. काकांना ते पुरेपूर ठाऊक होतं. त्या द्रवाच्या पिंपाला हात लावायचा तर आधी हातमोजे चढवायचे, दुसऱ्यांनाही दटावायचे. जीभ मात्र वळली नाही ती नाहीच.

पिंपांच्या खोलीत हवेतली ओल शोषणारं मशीन आहे. त्याची बादली भरून सांडणं रोजचंच. त्या दुपारी मी वर ऑफिसात होते. खाली यूपीच्या राजेशनं हाक मारली, "चाचा, पानी गिरा है!"

काकांना वाटलं, बादलीच. पिंपांना ओल लागू नये म्हणून जेवणावरून तसेच उठले, ओलं पोतेरं घेतलं आणि उघड्या हातांनी फरशी पुसायला बसले. गळत होता तो पिंपाचा कॉक.

उग्र वास जिन्यापर्यंत आला. मी धावत खाली गेले, तेव्हा ते पोतेरं पिळत होते.

"काका, वास!" मी किंचाळले.

"कसला गो?" त्यांनी विचारलं.

आम्ही त्यांचे हात धुतले, मलम चोळलं, दवाखान्यात न्यायला गाडीत घातलं. "काय न्हाय झाला," सगळ्या वाटेत तेच आमची समजूत घालत होते. संध्याकाळी बोटं काळी पडायला लागली. सकाळपर्यंत काका गेले. इतका सावध माणूस असा जावा, याचा मला अजून संताप येतो.

गोदामात आता तो शब्द कुणी काढत नाही. तहान लागली तरी नुसती बाटली दाखवतात.

बारावं झाल्यावर आम्ही खारबावला त्यांच्या घरी गेलो. राजेश दारातच घुटमळत होता, काकींनी त्याला हाताला धरून आत घेतलं. सगळ्यांना पाणी दिलं. राजेशनं ग्लास तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेला. माझाही ग्लास नाकाशीच होता.

काकी बघत होत्या.

"प्या रं," त्या म्हणाल्या, "पियाचंच पानी हाय."