वही उघडली की आंबा जागा बदलतो

मित्रहो, माझं शिक्षण दहावीपर्यंतच, बाकी सगळं स्वतः वाचून शिकलो. पण तपशिलातली चूक मला खपत नाही. धरणामुळे उठलेल्या गावावर पहिली कादंबरी लिहितोय. त्यासाठी आज पुन्हा त्या गावी, गुंजवण्याला गेलो होतो.

तिथल्या कोंडिबानानांना विचारलं, "तुमच्या पाण्याबाहेर राहिलेल्या वरच्या शेतातला आंबा कुठल्या बांधावर?"

"उगवतीच्या."

गेल्या खेपेला त्यांनीच मावळतीचा सांगितला होता. मी मागचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं.

नाना हसले. "वही मिटा आदी, लेखकसाहेब. मागं एकजण आलता. त्यो बी कादंबरीच लिवत हुता. बांध, झाडं, भावकी, समदं लिवून नेलं. साल सरायच्या आत शेजारच्या रानाला त्येचं तारेचं कुंपण पडलं."

"मी तसला वाटतो का?"

"त्यो बी वाटत नव्हता."

मी वही मिटली. तेव्हा म्हणाले, "आंबा न्हाईच तितं. फणस हाय."

आता हे तरी खरं कशावरून?

माझी दोन प्रकरणं लिहून झालीत, त्यातली सगळी माहिती वही उघडी ठेवून विचारलेली. तुम्हीच सांगा, अनोळखी माणूस वही घेऊन दारात आला, तर तुम्ही त्याला किती खरं सांगाल?