प्लास्टरमामा आणि देवाची बाजू

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या बोळातून डावीकडे वळलं की प्लास्टरमामांची खोली लागायची. आत एक लोखंडी टेबल, पाण्याच्या दोन बादल्या, कापसाच्या गुंडाळ्या, प्लास्टरच्या पट्ट्यांचे पुडे, आणि जमिनीपासून छतापर्यंत सगळ्यावर पांढरे शिंतोडे. मामांच्या चपला पांढऱ्या आणि भुवयाही पांढऱ्या. त्या भुवयांमध्ये वयाचं किती आणि प्लास्टरचं किती, हे त्यांच्या बायकोलाही छातीठोक सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षं ते लोकांचे मोडलेले हातपाय बांधत होते. हात इतका हलका की रडत आलेलं पोर बांधून होईपर्यंत टेबलावरच पेंगायला लागायचं.

पण मामा नुसतं प्लास्टर घालत नसत, त्याबरोबर कारणही देत. हाड मोडलेला माणूस टेबलावर बसला की आज ना उद्या एकच प्रश्न विचारतो, 'हे माझ्याच वाट्याला का?' डॉक्टर त्याचं उत्तर देत नसत, कारण तो प्रश्न त्यांच्या कागदावर नसे. मामा देत. त्यांचा देवावर गाढ विश्वास होता, आणि देवाला स्वतःची बाजू मांडायला वेळ होत नसावा असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीला ते सांगत, "आजी, परीक्षा जवळच्या माणसांचीच घेतात." मोटारसायकलवरून पडलेल्या तरण्याताठ्याला सांगत, "बाबा, मान शाबूत आहे ना? कुणी राखली?" कुणाचं मागच्या जन्मीचं काढत, कुणाच्या गर्वावर बोट ठेवत. एकदा एक गृहस्थ प्रार्थनेला जाताना पायरीवरून घसरले आणि घोटा मोडून आले. तेव्हा मात्र मामा अडकले. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी प्लास्टर तपासायला गृहस्थ आले, तेव्हा मामा हसतमुखानं म्हणाले, "साहेब, देवाला तुम्ही घरूनच बरे वाटता."

समोरच्या दारात एक्सरेची खोली होती. तिथे फोटोवाले बसत. उंच, किडकिडीत, दिवसभर अंधारात राहिल्यामुळे बाहेर आले की डोळे मिचकावणारे. फिल्मवर जे उमटत नाही ते नाही, असा त्यांचा बाणा. मामा आले त्यानंतर सहा वर्षांनी ते आले, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी वादाला तोंड फुटलं ते आजतागायत मिटलं नव्हतं. दोन दारांमध्ये सहा-सात फुटांचं अंतर. मामा आपल्या चौकटीला टेकत, फोटोवाले त्यांच्या. चहाच्या वेळी दोघं एकमेकांना 'अरे' म्हणत, पण देवाचा विषय निघाला की लगेच 'अहो' वर येत.

"अहो, हाड मी जोडतो का?" मामा म्हणत. "मी फक्त ते हलू देत नाही. जोडलं जातं ते आतून, आपोआप. ती सोय कुणी केली?"

"ज्यानं मोडायची सोय केली त्यानंच ना? मोडूच नये असं करायला त्याच्या काय बापाचं जात होतं?"

"मग माणूस दगडाचा झाला असता."

"दगडालाही भूकंपात तडे जातात, मामा. त्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

मधल्या बोळात एक लांब लाकडी बाक होता. त्यावर आपापले मोडके अवयव मांडीवर घेऊन लोक बसत आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे माना वळवत. मुद्दे एकाहून एक सरस असत, पण श्रोत्यांमध्ये दोन्ही हात धड असलेले थोडे, म्हणून टाळ्या पडत नसत. इन्चार्ज सिस्टर अधूनमधून वरच्या मजल्यावरून ओरडत, "देव सापडला असेल तर पुढचा पेशंट घ्या!" तेवढ्यापुरते दोघं आत जात.

त्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांच्या मनात आलं, की दवाखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात या दोघांचाच जाहीर वाद ठेवावा. एरवी त्या कार्यक्रमात नेत्रविभागाचे क्लार्क गाणं म्हणत, आणि ते टाळायला डॉक्टर काहीही करायला तयार होते. विषय ठरला, 'दयाळू देव दुःख का होऊ देतो?' जिंकणाऱ्याला ढाल, अध्यक्षस्थानी एक निवृत्त अधिकारी.

मामांच्या अंगात वारं शिरलं. प्लास्टरच्या रिकाम्या पुड्यांच्या पाठीवर ते मुद्दे लिहू लागले. घरी जेवतानाही त्यांचे ओठ हलत.

"बावीस झाले," एकदा ते समाधानानं म्हणाले.

बायको इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही. "देवाची सगळी बाजू सावरून झाली असेल तर मोरीतल्या नळाचा वायसर बदला. तीन आठवडे गळतोय."

"अगं, मी केवढ्या मोठ्या प्रश्नाला हात घातलाय!"

"म्हणूनच म्हणते, हात रिकामा झाला की सांगा."

कार्यक्रम शुक्रवारी होता. बुधवारी सकाळी साडेदहाला कपड्यांच्या कारखान्यातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चापून चोपून नेसलेल्या. कारखान्यात त्या कापडाचे थरच्या थर एका हातानं सरळ कापत, म्हणून त्यांना सगळे कटिंगबाई म्हणत. ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि नेमकं उजवं मनगट अंगाखाली आलं. हात रुमालात बांधून त्या बाकावर बसल्या.

फोटोवाले तेव्हा आपला सातवा मुद्दा मामांवर तपासून पाहत होते. मामा त्याला उत्तर देत होते. फोटो निघायला अकरा वाजून गेले. डॉक्टरांनी मनगट ओढून हाड बसवलं आणि प्लास्टरसाठी परत खाली पाठवलं, तेव्हा दोघं पुन्हा दारात उभे होते आणि वाद रंगात आला होता. मामांनी बाईंचा कागद हातात घेतला, "बसा हं, आलोच," म्हणाले आणि तो कागद हलवत बोलू लागले, "अहो, दुःख नसतं तर माणसाला दुसऱ्याची कणव आली असती का? कणव यावी म्हणूनच तर दुःख!"

"म्हणजे तुम्हाला कणव यावी म्हणून यांचा हात मोडला?" फोटोवाल्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. बाकावरच्या बाईंकडे पाहिलं मात्र दोघांपैकी कुणी नाही.

बाक हळूहळू भरत गेला. पाऊण तास गेला. कटिंगबाईंचं मनगट पावासारखं फुगलं. शेवटी त्या उठल्या आणि दोघांच्या बरोबर मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"देव आहे की नाही ते तुम्ही ठरवा," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण असलाच, तर तोही आत्ता असाच कुठल्या तरी दारात कुणाशी तरी बोलत उभा असेल."

बाकावरचा एक पाय मोडलेला माणूस फिसकन हसला. टाळ्याही त्याच एकट्यानं वाजवल्या.

मामा लाल होऊन आत गेले. बाईंना टेबलावर घेतलं, पट्टी बादलीत बुडवली. पण डोक्यात घुमत होतं ते बाईंचं वाक्य. याला काय उत्तर? एकोणिसावा मुद्दा चालेल का? सुजलेल्या हाताला पहिल्या दिवशी अर्धंच प्लास्टर घालायचं, सूज वाढली तर तिला जागा हवी, हे मामा नव्या लोकांना शिकवत असत. त्या दिवशी त्यांनी पूर्ण गोल घातलं. कापूसही एक थर कमी घेतला. बोटांवर लक्ष ठेवा, मुंग्या आल्या तर लगेच या, हे सांगायचं राहूनच गेलं. बाई बोळाच्या टोकाला पोचल्या तेव्हा मामांना उत्तर सुचलं, आणि ते त्यांनी पुड्याच्या पाठीवर लिहून घेतलं. तेविसावा मुद्दा.

गुरुवारी दवाखाना उघडायच्या आत कटिंगबाई दाराशी उभ्या होत्या. हात दुसऱ्या हातानं उचलून धरलेला, डोळे तारवटलेले. प्लास्टरच्या बाहेरची बोटं निळी पडली होती. मामांनी एका बोटाला हात लावला. थंडगार.

"लागतंय का?"

"रात्री लागत होतं. आता काहीच कळत नाही."

मामांनी प्लास्टर कापायची विजेची करवत घेतली. ती घरघरत फिरली आणि प्लास्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडलं. खालचा कापूसही त्यांनी कापला. इन्चार्ज सिस्टर दारात येऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, पण ओरडल्या नाहीत. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मामा बाईंचा हात वर धरून बसले. पंधरा मिनिटं गेली. मग अंगठ्याला रंग आला, हळूहळू बाकीच्यांना. करंगळी सगळ्यांत शेवटी.

"हे कशामुळे झालं?" बाईंनी विचारलं.

सव्वीस वर्षांची उत्तरं मामांच्या जिभेशी येऊन गर्दी करून उभी राहिली. परीक्षा, मागचा जन्म, मोठं संकट लहानावर निभावणं. 'देवाच्या मनात...' एवढं तर ओठांवर आलंसुद्धा. त्यांनी ते गिळलं.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "घट्ट बांधलं गेलं. माझं लक्ष नव्हतं."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं कपाळ पुसलं.

इतक्या वर्षांत मामांच्या कारणांवर लोकांनी माना डोलावल्या होत्या, उसासे टाकले होते, क्वचित हात जोडले होते. पण कुणाला कारण पटल्याचं त्यांना आठवेना. हे एकच पटलं होतं, आणि त्यात देवाचं नावही नव्हतं. मामांना याचा आनंद झाला नाही. दुपारचा डबा त्यांनी तसाच घरी नेला.

शुक्रवारी सभागृह भरलं. फोटोवाले आधी बोलले, बारा मिनिटं, धबधब्यासारखे. पूर, भूकंप, तान्ही मुलं, रोगांच्या साथी. एकेक उदाहरण असं की पुढच्या रांगेतल्या नर्सबाईंनी डोळे टिपले. मग मामा उठले. खिशातून पुडे काढले, चष्मा लावला, पहिला मुद्दा वाचला. दुसऱ्याच्या मध्येच थांबले.

"देवानं काय काय का होऊ दिलं, ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं येतं. बुधवारी मी बांधलेल्या एका बाईंच्या हाताची बोटं निळी पडली, ते मी होऊ दिलं. त्याचं कारण मला माहीत आहे. मी बोलत होतो."

आणि खाली बसले.

निवृत्त अधिकाऱ्यांना काय करावं कळेना. त्यांच्या कागदावर तीन रकाने होते, मुद्देसूदपणा, उच्चार आणि वेळेचं भान. त्यांनी पहिले दोन मोकळे सोडले आणि तिसऱ्यात मामांना पैकीच्या पैकी गुण दिले. ढाल फोटोवाल्यांना मिळाली. ते ती घेऊन तावातावानं मामांपाशी आले. "हा काय वाद झाला? समोरचा मैदान सोडून पळाला तर मी जिंकलो कसा?" वेळ उरल्यामुळे नेत्रविभागाच्या क्लार्कनी तीन गाणी म्हटली.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांनी मामांना बोलावलं. "कुणाची लेखी तक्रार नाही, काही नाही, आणि तुम्ही भर सभेत कबुली देता? अहो, पद्धत असते काही!" आठवड्याभरात नोटीस लागली, की कर्मचाऱ्यांनी चुकीची कबुली देण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी. रुग्ण दोन तास बाकावर बसू नयेत, असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मामांनी नोटीस दोनदा वाचली आणि बोळातला तो बाक शिपायाच्या मदतीनं उचलून आपल्या खोलीत, टेबलासमोर आणून ठेवला. त्यांना आता पुढचा माणूस सतत दिसे.

सहा आठवड्यांनी कटिंगबाईंचं दुसऱ्यांदा घातलेलं प्लास्टर निघालं. मनगट सरळ जुळलं होतं. करंगळी तेवढी पुरती वाकत नव्हती. मामांनी कोमट पाण्यात करायचा व्यायाम स्वतः करून दाखवला, तीनदा करून घेतला, आणि दर सोमवारी यायला सांगितलं. बाई दर सोमवारी आल्या. त्या मामांशी गोड बोलल्या नाहीत, कडूही बोलल्या नाहीत. करंगळी पुढे करत आणि म्हणत, "बघा."

घरच्या नळाचं काय झालं, तर बायकोनं तोवर प्लंबर बोलावला होता.

फोटोवाल्यांना मात्र करमेना. मामा वादाला तयार नव्हते असं नाही, पण हातात काम असलं की तोंड उघडत नसत, आणि हातात काम तर दिवसभर असे. एका दुपारी पेशंट संपले होते. फोटोवाले दोन कप चहा घेऊन आत आले आणि बाकावर बसले.

"बोल ना काहीतरी," ते म्हणाले. "हाड आपोआप जोडलं जातं, तेच बोल. मी ऐकून घेतो."

"आज नको रे."

फोटोवाले कपाकडे बघत म्हणाले, "माझी धाकटी बहीण सहा वर्षांची असताना तापानं गेली. घर माणसांनी भरलं होतं. जो येईल तो मला सांगायचा, देवाला ती आवडली. मी आठ वर्षांचा. मला वाटलं, मलाही आवडत होती की. मग ती त्यालाच का द्यायची?"

मामांच्या टेबलाच्या खणात तेवीस मुद्दे पडून होते. त्यांनी खणाकडे पाहिलंही नाही. कप खाली ठेवला आणि फोटोवाल्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसले.

"नाव काय होतं रे तिचं?"

फोटोवाल्यांनी नाव सांगितलं. मग ती वरच्या पायरीवरून कशी उडी मारायची, पाढे म्हणताना सात नेहमी कशी विसरायची, आणि शिट्टी वाजवायला शिकवली तर नुसता वारा कसा यायचा, हे सांगत राहिले. मामा मध्ये एकदाही बोलले नाहीत.