पाण्याचं विरजण

दुपारचं जेवण अंगावर आलंय. जयवंती दिवाणावर आडवी होते. डोळे पुरते मिटत नाही, अर्धेच ओढून घेते, उन्हाला पडदा ओढावा तसे.

समोर काचेची टाकी. टाकीत खारं पाणी, पांढरे दगड, पंपाची घुर्र. मासा एकही नाही.

संध्याकाळी दोन येणार आहेत, नारिंगी अंगावर पांढऱ्या पट्ट्यांचे. शोभेच्या माशांच्या दुकानातल्या तौफिकने सकाळीच फोन केला होता. "वहिनी, नळीतला रंग कुठला दिसतो?" नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर पाण्यात विष. पिवळं राहिलं तर विष शून्य. "पिवळा," जयवंती म्हणाली. "मग काय, आणतो की!" टाकी भरल्यापासून रोज पिवळाच. तिला त्याचा कोण अभिमान. तौफिकने पाणी फिरू द्या म्हटलं, तिने फिरू दिलं. शिवाय दगडावर जरा तपकिरी साय धरली की ब्रशने घासून काढली.

सोलापुरात समुद्र हवा तर तो मिठाच्या पुड्यांतून विकत आणावा लागतो. वेंगुर्ल्याच्या मासळी विकणाऱ्या गाबतिणीची मुलगी ती, आणि समुद्र बादलीत ढवळतेय. लिंगायताच्या घरात आली तेव्हापासून तिने मासळीला हात लावलेला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. नवरा, बसवराज, थट्टा करतो, "तुझ्या माहेरचे येणार म्हणायचे शेवटी. पण टाकीत हं, ताटात नाही."

पंपाची घुर्र लांब जाते.

जवळ येते.

होडीच्या इंजिनाची होते.

"काय गो चेडवा, ह्या काय मांडून ठेवलंस?"

टाकीपलीकडे आये बसली आहे. बाजारात बसायची तशीच, एक गुडघा वर, लुगडं आवळून, पुढ्यात मासळीची पाटी. गेल्या थंडीत आये गेली. हे जयवंतीला माहीत आहे, आत्ताही माहीत आहे. म्हणून ती हलत नाही. हललं की जाग येते.

"समुद्र आहे, आये. घरचा."

"घरचो?" आये खो खो हसते. "समुद्र कोणाच्या घरचो झालो गो?" बोट बुडवते, जिभेला लावते. "खारट आसा. पण मुको आसा."

"मुका म्हणजे?"

"वास खय आसा ह्येका?"

भिंत नाही. वेंगुर्ल्याचा एस.टी. स्टँड आहे, बाकावर दोघी, मधे टाकी. कंडक्टर टाकीचं अर्धं तिकीट फाडून देतो. गाडी लागत नाही. बाकाखालून पाणी येतंय, घोट्यापर्यंत,

कोमट,

आणि त्याला फिनेलचा वास आहे.

हे आयेचं घर. आये गेल्यानंतरचं. जयवंती गुडघ्यांवर बसून कोबा घासतेय आणि आये दारात उभी राहून बघतेय, स्वतःच्याच घरात पाहुणी आल्यासारखी.

"माझी विळी खय गेली?"

"शेजारच्या काकींना दिली."

"लुगडी?"

"दिली."

"आणि उशी?"

"धुतली."

"धुतलंस?"

आये उंबरठ्यावर बसते.

"त्या उशीक माझ्या केसांचो वास होतो गो."

जयवंती घासणं थांबवते. तेव्हा सगळे म्हणाले होते, किती सावरलीस, डोळ्यांत टिपूस नाही. त्यांनाही तिने चहा करून दिला होता. आता ती पुढे सरकते, आयेच्या खांद्याला नाक लावते. लुगड्याचा खरबरीतपणा आहे. ऊबसुद्धा आहे. वास

नाही.

"आये, तुझा वास येत नाही मला."

"नळी दाखव बघू," आये म्हणते.

नळी जयवंतीच्या मुठीतच आहे. आये ती उजेडात धरते. मागे दर्या आहे. सगळा दर्या नळीतून पिवळा दिसतो.

"पिवळी. म्हणजे शून्य," जयवंती शाळेतल्यासारखं सांगते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून!"

आये कपाळावर हात मारते. "दूध तापवलंस, निववलंस, झाकून ठेवलंस. विरजण घातलंस?"

जयवंती ओले हात पुसते.

"सांग मा. घातलंस?"

"नाही."

"मगे सकाळी झाकण काढून बघशीत तर दूधच मा! शून्य म्हणजे झाला असा नाय गो बाये. शून्य म्हणजे सुरूच नाय झाला."

पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. दोघी त्यात उभ्या आहेत. जाळी वाळत घालायच्या काठ्यांवर जयवंतीच्या दिवाणखान्याचे पडदे फडफडतायत.

"सांजेक दोन पोरां सोडतलंस ह्यात," आये म्हणते. "ती खातली, हगतली. ह्या पाण्याक पचवूक येता? त्येका कोणी शिकवलाच नाय. आधी कायतरी कुसूक व्हया, सडूक व्हया. विष होवूक व्हया. मगे त्या विषाक खाणारे जीव आपसूक येतत. त्येंनी खाऊन खाऊन शून्य झाला, ता खरा शून्य. तुझा शून्य म्हणजे न रांधलेली चूल."

"मासे मरतील?"

"मरतले. स्वच्छ पाण्यात मरतले."

"मग काय घालू मी?"

आये पाटीतून एक कोलंबी उचलते. सालासकट, डोक्यासकट, करड्या रंगाची.

"आये, आमच्या घरात नाही चालत!"

"तुमका खाऊक कोण सांगता? पाण्याक खाऊक दी."

"वास सुटेल."

"सुटतलो."

"किती दिवस लागतील?"

"लागतले तितके."

"तोवर थांबशील?"

आये पदराची चुंबळ करते, डोक्यावर ठेवते. "पाटी उचलूक हात दी."

जयवंती वाकते. पाटी जड आहे, लहानपणी होती त्याहून जड. दोघी मिळून ती आयेच्या डोक्यावर चढवतात. कडेने खारं पाणी ठिबकतं, जयवंतीच्या कोपरापर्यंत ओघळत येतं. पाटी नीट बसली. तरी तिचे हात कडेलाच.

"सोड गो."

ती सोडत नाही.

"जयू. माझ्या डोक्यार बसली ती. सोड आता."

बोटं एकेक

करून

"अगं, उठतेस ना?" बसवराज उशाशी उभा आहे, हातात फोन. "तौफिक विचारतोय, निघू का म्हणून."

जयवंती फोन घेते.

"तौफिक, आज नको आणूस."

"का वहिनी? पिवळा आहे म्हणालात की!"

"पिवळाच आहे. म्हणूनच नको. अजून सुरूच झालेलं नाही. ते दोघं तुझ्याकडेच राहू देत. त्यांना पोटभर खायला घाल."

"असं? बरं. केव्हा आणू मग?"

"हिरवं होऊन परत पिवळं झालं की. मी फोन करीन."

बसवराज नाक आक्रसून खोलीत फिरतोय. देव्हाऱ्यापाशी थांबतो, स्वयंपाकघराच्या दारात थांबतो, मग टाकीपाशी येतो आणि वाकतो.

"जयवंती."

ती उठून त्याच्या शेजारी उभी राहते. तळाशी, पांढऱ्या दगडाला टेकून, एक कोलंबी पडली आहे. सालासकट, डोक्यासकट. पंपाच्या धारेत तिची लांब मिशी हलते आहे.

घरात आज कुणी आलेलं नाही. दोघंही बाहेर गेलेली नाहीत.

बसवराज तिच्याकडे वळतो. ती रडतेय.

"काढू बाहेर?" तो हळूच विचारतो.

"नको."

"बरं. निदान खिडकी तरी उघडतो."

"अहो," जयवंती त्याचा हात धरते, "राहू द्या बंद."